बंद माईकमधलं वाक्य

आवाजकाकांना त्यांच्या कामाबद्दल कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "मी लोकांना बोलू देतो." आणि जरा थांबून पुढे, "आणि गप्पही करतो." ऐकणारा हसायचा. काका हसत नसत. नोकरीच तशी होती, त्यात त्यांनी पदरचं काही घातलेलं नव्हतं.

जगभरच्या देशांच्या सभा ज्या इमारतीत भरायच्या, तिथल्या मोठ्या सभागृहाच्या मागच्या भिंतीला, छताच्या जरा खाली, एक काचेची खोली होती. खोली म्हणायची एवढंच. दोन माणसं आत शिरली तर एकाला पोट आत ओढून उभं राहावं लागे. तिथे काका बसायचे. समोर बटणांची लांब पट्टी, खालच्या प्रत्येक खुर्चीचं एक बटण. अध्यक्षांनी एखाद्या देशाचं नाव पुकारलं की काका त्याचं बटण दाबत, त्या माईकभोवतीचं कडं लाल पेटे आणि तो देश बोलू लागे. तिथे माणसं बोलत नसत, देश बोलत. देशांना ठसका लागायचा, देशांचा चष्मा सापडायचा नाही, आणि एक देश तर दुपारच्या जेवणानंतर हटकून पेंगायचा.

शेजारच्या काचेच्या खोल्यांमध्ये दुभाषी बसत. त्यांतल्या एक बाई, जाड भिंगांच्या चष्म्याच्या, तोंडाने भारी फटकळ, मधल्या सुट्टीत चहाचा पेला घेऊन काकांच्या दारात उभ्या राहायच्या.

"काका, आज सकाळपासून मी काय भाषांतर केलं सांगू? 'शक्य असल्यास'. सबंध सकाळ तेवढंच. एक देश म्हणतो हे शब्द घाला, दुसरा म्हणतो काढा."

"मग काय ठरलं?"

"शक्य झालं नाही."

ही गोष्ट अमली पदार्थांवरच्या सभेची. दर वर्षी हिवाळा सरता सरता ती भरायची आणि आठवडाभर चालायची. काकांना ती पाठ झाली होती. कोणत्या देशाने किती माल पकडला, किती जाळला, किती लोकांना आत टाकलं, हे आकडे ओळीने यायचे. दर वर्षी एवढं जाळतात, मग पुढच्या वर्षी पुन्हा जाळायला कुठून येतं, असा प्रश्न काकांच्या मनात यायचा. पण तो विचारायचं बटण त्यांच्या पट्टीवर नव्हतं.

त्या सभेचा एक रिवाज होता. कुठे लिहिलेला नव्हता, तरी सगळ्यांना ठाऊक होता. देशाची वेळ संपली तरी त्याचा माईक बंद करायचा नाही. अध्यक्ष फार तर लाकडी हातोडी हलकेच टेबलावर टेकवतील, घसा खाकरतील. देशाचं तोंड धरणार कोण? दिवसाच्या शेवटी मात्र संस्थांची पाळी यायची. म्हणजे मेलेल्या मुलांचे आईबाप, तुरुंगातून सुटून आलेले, व्यसनी माणसांच्या जखमा बांधणाऱ्या परिचारिका, हे कायदे बदला म्हणून वर्षानुवर्षं खेटे घालणारी माणसं. त्यांना तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की वाक्य कुठे का असेना, बटण दाबायचं. तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असत.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त काचेच्या खोलीतल्या माणसालाच माहीत. बटण दाबलं की माईक बंद व्हायचा तो सभागृहापुरता. काकांच्या हेडफोनमध्ये तो ऐकू येतच राहायचा. लाईन चालू आहे की नाही, हे आधी आपल्यापुरतं ऐकून बघायची ती सोय. त्या सोयीपायी काकांनी काय काय ऐकलं होतं! देशांची भांडणं, देशांचे उसासे, एका देशाने आपल्या मुलीला फोनवर म्हटलेलं अंगाईगीत. काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कानात आलं ते कानात राहिलं पाहिजे. बाहेर काढलंस तर या खोलीत पुन्हा पाय ठेवायचा नाही." काकांनी ते इमानाने पाळलं. घरी तर ते पाळणं सोपंच होतं. काकूंना कमी ऐकू यायचं, आणि कानाला लावायचं यंत्र त्या कपाटात जपून ठेवायच्या. "उगाच वापरून खराब कशाला करायचं," म्हणायच्या.

तर गेल्या वर्षीच्या सभेत, संस्थांच्या बाकावर, एक बाई बोलायला बसल्या. याच शहरातल्या, काकांच्याच भाषेत बोलणाऱ्या. राखाडी कोट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. वाचायला आणलेला कागद त्यांनी पालथा ठेवला आणि तशाच बोलू लागल्या.

"माझा मुलगा एकटा नव्हता. मित्र होते बरोबर. तो पडला, ओठ निळे झाले, हे त्यांनी पाहिलं. त्यांच्याजवळ फोन होता. पण रुग्णवाहिकेला फोन केला की तिच्याआधी पोलीस येतात आणि फोन करणाराच आत जातो, हे त्यांना माहीत होतं. फोन कुणी करायचा यावरून त्यांच्यात वाद झाला. वाईट मुलं नव्हती ती. त्यांची पाचावर धारण बसली होती. शेवटी त्यांनी त्याला उचललं, आमच्या जिन्याने वर आणलं, दाराशी निजवलं, बेल दाबली आणि पळाली. बेल वाजली, तेव्हा मी—"

तीन मिनिटं झाली होती. अध्यक्षांनी मान हलवली. काकांचं बोट सवयीने खाली गेलं. लाल कडं विझलं.

शेजारच्या खोलीत दुभाषी बाईंचं वाक्य मधोमध तुटलं. खाली अध्यक्ष "आभारी आहोत" म्हणाले आणि पुढचं नाव शोधू लागले. आणि काकांच्या कानात, अगदी जवळून, कुणी कानाला ओठ लावून सांगावं तसं आलं:

"तेव्हा मी उठले नाही. मला वाटलं, खालची पोरं चावटपणा करतायत. परत वाजली असती तर उठले असते."

मग कोटाची सळसळ. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. मग काही नाही.

काकांनी खाली पाहिलं. शेजारची माणसं आपापल्या कागदांत होती. कुणाचीही मान वळलेली नव्हती. म्हणजे एवढ्या मोठ्या सभागृहात ते वाक्य एकाच माणसाने ऐकलं होतं, आणि ज्याने बटण दाबून ते तोडलं, तोच तो माणूस.

सत्र संपल्यावर दुभाषी बाई दारात आल्या. "काय हो काका, चांगलं वाक्य माझ्या तोंडातून ओढून घेतलंत. बेल वाजली, तेव्हा ती काय?"

"कुणास ठाऊक," काका म्हणाले, आणि हेडफोनची वायर गुंडाळायला लागले. ती आधीच गुंडाळलेली होती.

जिन्यात त्या बाई समोरच आल्या. हातमोजे चढवत होत्या. "बाहेर जायचं दार कुठल्या बाजूला हो?" काकांनी हाताने दाखवलं. मग राहवेना म्हणून, "मी इथेच असतो," म्हणाले. "वर. माईकचं काम."

बाईंनी वर पाहिलं, मग काकांकडे. "म्हणजे बंद करता ते तुम्हीच?"

"हो."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

हा टोमणा काकांना जिव्हारी लागला. तसं त्यांचं चुकलं काही नव्हतं. नियम होता, वेळ झाली होती, अध्यक्षांची मान हलली होती. पण अशी कारणं माणूस दिवसा देतो, आणि घरी कुलूप उघडून आत पाय टाकला की ती दाराबाहेरच राहतात.

पहिल्यांदा बेल वाजली ती दोनच दिवसांनी. काकांच्या इमारतीतल्या पोरांना बेल वाजवून पळायचा नाद फार जुना. काकांनी आजवर एकदाही उठून पाहिलं नव्हतं. फार तर बसल्या जागेवरून "थांबा रे, बघतो एकेकाला" असा दम द्यायचा आणि पेपर वाचत राहायचं. त्या दिवशी ते असे उठले की मांडीवरचा चष्मा खाली पडून त्याची काडी मोडली. दार उघडलं. दार उघडणारा माणूस समोर बघतो. काकांनी खाली पाहिलं. पायपुसणं होतं. जिन्यातून खिदळण्याचा आवाज तळापर्यंत घरंगळत गेला.

पोरांच्या दृष्टीने हे घबाडच होतं. बाकीची दारं उघडत नव्हती, आणि हे आजोबा दर वेळी उघडत होते, तेही धावत. शिवाय ओरडत नव्हते. मग काय, सभा नसलेल्या दिवशी दुपार झाली की बेल. काका उठत, दार उघडत, खाली बघत, दार लावत. टपालवाला एकदा दचकला. म्हणाला, "काका, मी वर आहे, वर." आपली चप्पल फाटलीय की काय म्हणून त्यानेही खाली पाहिलं.

"अहो, कोण होतं?" काकू आतून विचारायच्या.

"कुणी नाही."

"मग उठलात कशाला?"

"बेल वाजली."

"मला नाही ऐकू आली."

"तुला कशी येईल? यंत्र कपाटात, तू स्वयंपाकघरात."

इथवर ठीक होतं. पण उन्हाळ्यात शाळेची सहल बाहेरगावी गेली, पोरं घरात नव्हती, तेव्हाही काका दोनदा उठले. एकदा जेवताजेवता. घास हातात तसाच. दार उघडून कितीतरी वेळ जिन्यात बघत उभे राहिले. जिना रिकामा होता, आणि त्या रिकाम्या जिन्यात आत्ताच कुणीतरी उतरून गेल्यासारखा गारवा होता. परत येऊन बसले तर काकू त्यांच्याकडे बघत होत्या.

"खरंच वाजली?"

घरात ऐकणारा माणूस एकच, आणि त्याच्याच कानावर त्याचा भरवसा उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी काकूंनी कपाटातून यंत्र काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि कानाला लावलं. मग काकांबरोबर बैठकीच्या खोलीत बसू लागल्या, भाजी निवडायला. बेल वाजली की मान डोलवून सांगत, वाजली. नाही वाजली आणि काका उठू लागले, तर त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवत. काका बसत. पण नजर दाराकडेच.

एकदा त्यांनी विचारलं, "काय आहे ते सांगणार आहात का?"

"कानातलं आहे," काका म्हणाले.

काकूंनी इतक्या वर्षांच्या संसारात त्या उत्तरापुढे कधी विचारलं नव्हतं. याही वेळी नाही. "मग राहू दे कानात," म्हणाल्या, आणि देठ मोडत राहिल्या.

पण वर्षभरात काकांच्या मनाने एक गोष्ट पक्की घेतली होती. आपण एका आईचं वाक्य तोडलं. ते तिला परत द्यायचं. बाई पुन्हा आल्या, तर या वेळी बटणाला हात लावायचा नाही. अध्यक्ष मान हलवोत, हातोडी आपटोत, पाहिजे तर वर येऊन काच फोडोत. ते वाक्य सगळ्या सभागृहाच्या कानात पडलं की मग आपल्या एकट्याच्या कानात राहणार नाही, असाही एक स्वार्थ त्यात होता, आणि तो काका स्वतःपासून लपवत नव्हते.

हिवाळा सरला, सभा भरली. या वर्षीच्या ठरावात एक परिच्छेद होता: बेशुद्ध पडलेल्यासाठी जो मदत बोलावतो, त्याला त्या कारणाने पकडू नये. गेल्या वर्षी तो पुढे ढकलला होता. या वर्षी देश पुन्हा त्याला सोलायला बसले. एक देश म्हणाला, अशाने तरुणांमध्ये चुकीचा समज पसरेल. दुसरा म्हणाला, आमच्याकडे हा प्रश्नच नाही. फटकळ दुभाषी बाई सुट्टीत म्हणाल्या, "'नये'चं 'शक्यतो नये' झालंय काका. दुपारपर्यंत 'नये की काय' होईल बघा."

काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या संस्थांमध्ये त्या बाई होत्या.

तोच राखाडी कोट. खुर्चीत बसल्या, या वेळी कागद सरळ ठेवला आणि वाचू लागल्या. नेमकं, मोजकं, तासून आणलेलं बोलणं. कुठल्या देशांनी असा कायदा केला, तिथे फोन करणारे वाढले का, रुग्णवाहिका वेळेत पोचल्या का. काकांचे कान टवकारलेले. मुलगा शेवटी आला, दोनच वाक्यांत. "माझ्या मुलाच्या मित्रांनी फोन केला नाही, कारण तुमच्या कायद्याची त्यांना भीती वाटली. त्यांनी त्याला आमच्या दारात ठेवलं."

आणि त्या थांबल्या. वेळ शिल्लक होती. बेल नव्हती. बेलचं नावसुद्धा नव्हतं.

ही तर शिकून आली, काकांना वाटलं. आपण तोडलं म्हणून स्वतःच तोडून आली. अध्यक्ष म्हणाले, "आभारी आहोत." अध्यक्षांचे आभार म्हणजे बटण. काकांनी हात मांडीखाली दाबून धरला. कडं लालच राहिलं. बोला बाई, ते मनात म्हणत होते. चालू आहे. या वेळी कुणी तोडत नाही. बोला.

बाई उठल्या नाहीत. त्या माईककडे बघत होत्या. सभागृहात स्पीकरमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता, मोठा, सगळ्यांना. दोन-चार माना वळल्या. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. बाईंनी ओठ घट्ट मिटले होते आणि त्या लाल कड्यावरची नजर हलवत नव्हत्या. मग त्यांनी मागे वळून, मान उंच करून, थेट काचेच्या खोलीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. दुसऱ्या कुणी खोलीतून बाहेर जावं म्हणून वाट बघताना माणूस जसं बघतो, तसं होतं ते.

तेव्हा काकांच्या डोक्यात उजेड पडला. गेल्या वर्षी वाक्य तुटलं नव्हतं. कडं विझलेलं बाईंनी पाहिलं होतं. पाहिलं, म्हणून तर बोलल्या. जगातले सगळे देश समोर बसलेत आणि एकाच्याही कानात जात नाही, अशी तेवढीच एक जागा त्यांना सापडली होती. घरी बोलावं तर भिंती ऐकणार, आरशात बोलावं तर स्वतःलाच ऐकू येणार. इथे बोलायचं आणि तरी कुणाला सांगायचं नाही, हे इथेच जमत होतं. बंद माईकपुढे. आणि वर्षभर पुण्य म्हणून जपलेल्या हट्टापायी काका त्यांची तीच जागा बळकावून बसले होते.

"बरं केलंत," म्हणाल्या होत्या. टोमणा नव्हता तो.

काकांनी हात मांडीखालून काढला आणि बटण दाबलं. कडं विझलं. स्पीकरमधला श्वास थांबला. अध्यक्षांनी पुढचं नाव घेतलं, माना परत कागदांत गेल्या. बाई अजून बसल्याच होत्या. त्या पुढे वाकल्या, माईकजवळ तोंड नेलं.

कामावर असताना काकांनी कधी हेडफोन काढला नव्हता. उस्तादाची दुसरी ताकीद ती होती. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, कानांवरून काढला आणि पट्टीवर पालथा ठेवला. काचेतून त्यांना फक्त बाईंचे ओठ हललेले दिसले. मागल्या वेळेपेक्षा जास्त वेळ हलत होते. कदाचित या वर्षी त्यात भर पडली असेल. ते काकांना कळलं नाही आणि कधी कळणारही नव्हतं. बाईंनी कागद घडी करून खिशात ठेवला, खुर्ची सरकवली, आणि गेल्या. वर पाहिलं नाही.

काकांनी हेडफोन पुन्हा चढवला तेव्हा पुढचा बोलणारा गोंधळून विचारत होता, "माझा माईक चालू आहे का? मी ऐकू येतोय का?" येत नव्हता. काकांनी घाईने त्याचं बटण दाबलं.

शेवटच्या दिवशी तो परिच्छेद मंजूर झाला. या सभेत हात वर करत नाहीत. कुणी काही बोललं नाही म्हणजे झालं मंजूर. अध्यक्षांनी वाचून दाखवला: देशांनी आपापल्या परिस्थितीप्रमाणे, योग्य वाटल्यास, याचा विचार करावा. कुणी काही बोललं नाही. हातोडी पडली. बंद माईकमधून एक देश दुसऱ्याला विचारत होता, विमानतळावर जायला टॅक्सी मिळेल ना.

काका घरी आले. काकू बैठकीत होत्या, यंत्र कानाला. दोघांनी चहा घेतला. मग बेल वाजली. काकूंनी मान डोलवली: वाजली.

काका उठले. धावले नाहीत, पण उठले. दार उघडून खाली पाहिलं. पायपुसणं. जिन्यात पावलं धडधडत उतरत होती आणि खिदळणं एकेक मजला खाली जात होतं. रोज काका एवढ्यावर दार लावत. आज ते कठड्याशी गेले, त्या काळोख्या खोलात वाकले.

"अरे," ते म्हणाले. ओरडले नाहीत, पण जिन्याने तो आवाज वाढवून खाली नेला. "एकदाच वाजवून पळू नका रे. परत वाजवा."

खालचं हसणं थांबलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुणाशी बोलताय?"

काकांनी बोट ओठांवर ठेवलं आणि ते कान देऊन उभे राहिले.